चौकटीतला पाऊस

श्रोतेहो, नमस्कार.

गोष्ट मे महिन्यातली. बिबवेवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला आणि भल्या सकाळी गच्चीवर कुरडया घातल्या. घालण्याआधी जिन्यात मला गाठून विचारलं, "काय रे, आज येणार नाही ना?" मी हवामानाच्या गणितात आयुष्य घातलेला माणूस. म्हटलं, "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी शक्यता आहे." दुपारी साडेचारला कात्रज घाटाच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि वीस मिनिटांत कुरडयांचा पुन्हा चीक झाला. काकूंची धाकटी बहीण कोथरूडला असते. तिचा फोन आला, "इथं रस्तासुद्धा ओला नाही गं." संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "तुझं ते तुरळक ठिकाण म्हणजे नेमकी माझीच गच्ची का रे?"

टोमणा रास्तच होता. त्याचं उत्तर जिन्यात उभं राहून देता आलं नाही, म्हणून आज देतो.

संगणकाला वातावरण सलग दिसत नाही. आपण त्याचे चौकोनी तुकडे पाडतो. प्रत्येक चौकटीला एक तापमान, एक आर्द्रता, एक वारा, आणि वर चढत जाणारे असेच अनेक थर. अगदी आत्ताआत्तापर्यंत आपल्याकडच्या जागतिक मॉडेलची, म्हणजे सगळ्या पृथ्वीच्या हवेच्या संगणकी गणिताची, चौकट साधारण 12 किलोमीटरची होती. म्हणजे शिवाजीनगर, कोथरूड, स्वारगेट आणि काकूंची गच्ची, सगळं एकाच चौकटीत बसू शकतं. वळवाचा ढग असतो जेमतेम काही किलोमीटर रुंद. त्या चौकटीच्या लेखी तो नसतोच.

नसतो तर सोडून द्या, असं म्हणता येत नाही. कारण असे हजारो ढग जमिनीजवळची उष्णता आणि बाष्प उचलून दहा-बारा किलोमीटर वर नेतात, आणि त्या उष्णतेवरच मान्सूनचा एवढा मोठा गाडा चालतो. लहानाचा हिशेब चुकला की मोठ्याचाही चुकतो. मग आम्ही काय करतो? चौकटीतली सरासरी हवा बघून ठरवतो, की अशा हवेत एकूण किती ढग उभे राहतील, त्यातून किती पाऊस पडेल. याला भारदस्त नाव आहे, पॅरामीटरायझेशन. मी त्याला ठोकताळा म्हणतो. त्याच्याही खाली आणखी एक जग आहे. ढगातला थेंबुला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, आणि पावसाचा एक टपोरा थेंब व्हायला असे दहाएक लाख थेंबुले एकत्र यावे लागतात. तेही ठोकताळ्यानंच.

सह्याद्रीचं दुखणं वेगळंच. कोकणातून घाटमाथा काही किलोमीटरांत उभा चढतो. ताम्हिणीत धबाबा कोसळणारा पाऊस पुण्यात येईपर्यंत रिमझिम होतो, हे तुम्ही दर पावसाळ्यात बघता. मोठ्या चौकटीत तो कडा सरासरीत बुटका होतो, उताराचा होतो. मग मॉडेलमधला पाऊसही पडायचा तिथं आणि तेवढा पडत नाही.

"मग चौकट लहान करा की!" करतो ना. पण चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी होतात चौपट. शिवाय हे गणित वेळेच्या छोट्या पावलांनी पुढं सरकतं, आणि वाऱ्यानं एका पावलात अख्खी चौकट ओलांडून जाता कामा नये, म्हणून वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. गणित आठपट. 12 वरून 6 किलोमीटरवर यायला पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत 2024 साली 'अर्क' हा महासंगणक बसवावा लागला. तो सेकंदाला सुमारे 11,770 लाख कोटी आकडेमोडी करू शकतो. त्यानंतर मे 2025 मध्ये 6 किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टीम ही अंदाजाची नवी यंत्रणा सुरू झाली. आणि गंमत बघा, 6 किलोमीटरवर नवाच पेच. मोठे ढग आता चौकटींना अर्धेमुर्धे दिसू लागतात. ठोकताळाही तोच पाऊस मोजतो, चौकटीचौकटीतल्या हवेची थेट गणितं, म्हणजे समीकरणंही मोजतात. ना धड दिसणारं, ना धड न दिसणारं. या मधल्या पट्ट्यात किती काम ठोकताळ्याकडून काढून घ्यायचं, याचीच सध्या जगभर डोकेफोड चालू आहे.

लहान-मोठ्याचा हा घोळ पहिल्यांदा ज्याला भोवला, तो लुईस फ्राय रिचर्डसन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची रुग्णवाहिका चालवणारा इंग्रज. विसाव्याच्या जागी, गवताच्या गंजीवर बसून त्यानं हातानं गणित केलं. 20 मे 1910 या दिवसाची जुनी निरीक्षणं घेतली, आणि मध्य युरोपात हवेचा दाब सहा तासांत किती बदलेल ते काढलं. उत्तर आलं, दाब 145 हेक्टोपास्कलनं वाढेल. म्हणजे किती? सिंहगडाच्या माथ्यावरून उठून मुंबईच्या चौपाटीवर जाऊन बसावं, जवळपास इतका! प्रत्यक्षात त्या दिवशी दाब फारसा हललाच नव्हता. 1922 साली त्यानं हे सगळं चुकलेल्या उत्तरासकट छापलं. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. आपण असतो तर वही बंबात घातली असती.

त्याची पद्धत बरोबर होती, हे पुढं सिद्ध झालं. वातावरणात सावकाश बदलणाऱ्या हवामानाबरोबर वेगानं पळणाऱ्या लाटाही असतात. एरवी त्या क्षीण असतात. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता, त्यामुळं या लाटा गणितात बेसुमार फुगल्या. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ढोलताशाच्या पथकाजवळ उभं राहून शेजारच्याशी बोलून बघा. तो बोलत असतोच, तुम्हाला ऐकू येत नाही. आजची मॉडेलं आधी तो ढोल शांत करून घेतात आणि मग गणिताला बसतात.

सुरुवातीचे आकडे आजही अगदी नेमके मिळत नाहीत, म्हणून एकच गणित थोड्याथोड्या फरकानं वीसएक वेळा करतात, आणि किती वेळा पाऊस आला ते मोजतात.

पुढच्या खेपेला काकूंनी विचारलं तेव्हा मी 'तुरळक' हा शब्दच टाळला. म्हटलं, "आपल्या बाजूला दहात तीन."

"म्हणजे दहात सात वेळा वाळतील," काकू म्हणाल्या. "घालते तर मग." आणि घातल्या. फक्त या वेळी प्लॅस्टिकचा कागद जिन्याच्या तोंडाशीच ठेवला होता, आणि दुपारभर दर अर्ध्या तासानं कठड्याशी येऊन त्या कात्रजच्या डोंगराकडे बघत होत्या.

नमस्कार.