खिडकी आधी, फिनेल नंतर

१८९७ च्या प्लेगमध्ये अनेक पुणेकर पेठांमधली घरं सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहिले. २०२० च्या मार्चमध्ये त्याच पुण्याला उलटं सांगण्यात आलं: घराबाहेर पडू नका. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर होते. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो आणि उंदीर घरातच होते, म्हणून घर सोडण्यात शहाणपण होतं. कोरोना श्वासातून पसरतो, म्हणून गर्दीपासून दूर राहण्यात शहाणपण होतं. पण श्वासातून पसरणारा आजार एकदा घरात आला की बंद घर हीच त्याची सोय होते. टाळेबंदीत हे पुरेसं सांगितलं गेलं नाही. आज मी मुख्यतः तेच सांगणार आहे: घरात एक जण आजारी आहे, घर दोन-तीन खोल्यांचं आहे, बाकीच्यांनी राहायचं कसं?

आपल्याकडे त्या दिवसांत दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या गेल्या, वर्तमानपत्रं बंद झाली, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडाली. आणि खिडक्या? त्या ‘बाहेरून विषाणू येईल’ म्हणून लावून घेतल्या! विषाणू बाहेरून उडत येत नव्हता, आतल्या माणसाच्या श्वासातून येत होता. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये स्पष्टच सांगितलं की सूक्ष्म तुषार हवेतून १० मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि खेळती हवा हा त्यावरचा महत्त्वाचा उपाय आहे. भाजी वाहत्या पाण्याखाली नेहमीसारखी धुवा, साबण लावू नका, तो पोटात जातो. भाजीचा विषय इथे संपला.

आता खोली. आजारी माणसाला अशी खोली द्या जिची खिडकी थेट बाहेर उघडते, डक्टमध्ये किंवा जिन्याकडे नव्हे. घरातली हवा निरोग्यांकडून आजाऱ्याकडे आणि तिथून बाहेर गेली पाहिजे. त्यासाठी साधा टेबल पंखा पुरतो. सरकत्या खिडकीची एक बाजू उघडा, तिच्यापासून हातभर आत पंखा ठेवा आणि त्याचं तोंड बाहेर करा. वारा रुग्णाच्या अंगावर घ्यायचा नाही, खोलीबाहेर फेकायचा. दार लावलेलं असावं, पण दाराखालची फट कापड कोंबून बुजवू नका. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी त्या फटीतून आत यायला हवी.

हे जमलंय की नाही ते उदबत्तीने कळतं. दाराबाहेर, फटीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर मांडणी बरोबर आहे. धूर तुमच्याकडे आला तर काहीतरी उलटं चाललंय, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा किंवा बाहेर धुरांडं काढलेली चिमणी असते. हॉलच्या खिडक्या बंद आणि चिमणी चालू असली की ती मिळेल तिथून हवा ओढते, म्हणजे रुग्णाच्या खोलीतूनही. पोळ्या होईपर्यंत हॉलची किंवा गॅलरीची खिडकी उघडी ठेवा आणि उदबत्ती पुन्हा धरून बघा. रुग्ण ऑक्सिजनवर असेल तर मात्र ना उदबत्ती, ना निरांजन, ना शेजारच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली. तिथे टिश्यू पेपरची पट्टी फटीसमोर धरा, ती कुठे वळते ते दिसतं.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. उकाड्यात लावायचाच असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवून लावा. विजेचं बिल वाढेल, वाढू दे.

जुन्या वाड्यातल्या एका खोलीत, जिथे मागे खिडकीच नाही आणि संडास सामायिक, तिथे हे सगळं जमत नाही, आणि जमतं असं भासवूही नये. अशा घरातल्या रुग्णासाठी महापालिकेचं विलगीकरण केंद्र चालू असेल तर तेच योग्य. ते मिळेपर्यंत, किंवा नसेलच तर, रुग्णाचं अंथरूण दाराच्या किंवा खिडकीच्या अगदी जवळ, हवा बाहेर जाते त्या बाजूला घाला. बाकीचे आतल्या बाजूला, आणि सगळ्यांनी मास्क.

संडास एकच असेल तर रुग्णाने शक्यतो सगळ्यांच्या शेवटी जावं, मास्क लावून, झाकण असेल तर ते पाडून मगच फ्लश करावं. त्यानंतर एक्झॉस्ट चालू आणि खिडकी उघडी ठेवून अर्धा तास कोणी आत जाऊ नये. कापडी रुमालाचा भरवसा नको. काळजी घेणाऱ्याने एन-९५ वापरावा, व्हॉल्व्ह नसलेला. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. चष्म्यावर वाफ येत असेल तर हवा वरून निसटतेय. दाढी असेल तर बाजूने निसटते. एन-९५ धुवायचा नसतो, धुतल्यावर गाळणारा थर निकामी होतो. पाच मास्क कागदी पिशव्यांत वेगवेगळे ठेवून पाळीपाळीने वापरा.

फिनेल, ब्लीच वगैरे यांची पाळी आता येते. दाराच्या कड्या, नळ, फ्लशचं बटण, एवढ्यावर रोज एकदा फडकं फिरवा. ब्लीचचं घरगुती द्रावण साधारण ५ टक्क्यांचं असेल तर आपल्याला हवं ०.१ टक्का, म्हणजे २० मिलीलिटर, चहाचे चार चमचे, आणि पाणी घालून एकूण एक लिटर. पाणी गार घ्या, गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातो. रोज ताजं करा. पुसल्यावर पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे, नाहीतर तो नुसता वास झाला. स्टीलचे नळ नंतर साध्या पाण्याने पुसा, गंजतात.

ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. संडास धुण्याचं अॅसिड त्यात पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ’ हा हिशोब टाळेबंदीत अनेक घरांत झाला. चुकून मिसळलंच तर निस्तरत बसू नका. बाहेर या, खिडकी हाताशी असेल तर उघडा, दम लागत असेल तर १०८ ला फोन करा.

ऑक्सिमीटरबद्दल, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राबद्दल, जरा सावकाश बोलतो, कारण यंत्र सहसा खोटं बोलत नाही, पण आपण त्याला चुकीचं विचारतो. आधी पाच मिनिटं शांत बसा. बोट गार असेल तर चोळून ऊब आणा. नेलपॉलिश काढा. मेंदीचा गडद रंग असेल तर दुसरं बोट वापरा. हात टेबलावर टेकलेला असावा. आकडा उड्या मारत असतो तोवर लिहू नका, तीस सेकंद ते एक मिनिट थांबा आणि स्थिर झालेला आकडा वेळेसह वहीत नोंदवा. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची. सकाळी ९८, दुपारी ९६, संध्याकाळी ९५ ही चाल चांगली नाही, जरी प्रत्येक आकडा ‘नॉर्मल’ दिसत असला तरी. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

बसून ९५ किंवा वर असणाऱ्याने घरातल्या घरात सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चालून पुन्हा मोजावं. आकडा ३ किंवा त्याहून जास्त घसरला, किंवा ९४ च्या खाली गेला, तर डॉक्टरांना लगेच कळवा. चालताना चक्कर किंवा धाप आली तर सहा मिनिटं पुरी करण्याचा हट्ट नको. दवाखान्यात जागा मिळेपर्यंत पालथं झोपण्याने मदत होते: एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नको, गरोदरपणात नको, हृदयाचा गंभीर आजार असेल तर विचारल्याशिवाय नको.

वाफ आणि काढा यांच्याबद्दल थोडक्यात. वाफेने नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही, आणि उकळत्या पातेल्यावर डोकं झाकून बसल्याने लहान मुलं भाजतात. काढा हवा तर दिवसाकाठी एक कप. सुंठ-मिरीचे चार कप घेणाऱ्याला दोन दिवसांत आम्लपित्त होतं आणि मग छातीतल्या जळजळीला घाबरून घर जागं राहतं.

पुण्यात गुरुवारी अनेकदा पाणी बंद, म्हणून पिंप भरून ठेवायची सवय. टाळेबंदीत पिंपं वाढतात, घासणारे हात मात्र तेवढेच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून आतून घासा, अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. गावी गेलेल्या शेजाऱ्याच्या गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा आणि बंद फ्लॅटचे कमोड विसरू नका. ताप आला की तो कोरोनाच आहे असं धरून आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉल, दोन डोसांत किमान सहा तास, आणि मोठ्या माणसाला २४ तासांत ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांपलीकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

चिठ्ठी आली आहे: खोली कधी उघडायची? भारतात जानेवारी २०२२ पासून सौम्य रुग्णांसाठी नियम होता तो असा: चाचणीपासून सात दिवस, आणि त्यातले शेवटचे सलग तीन दिवस तापाशिवाय. रुग्ण बाहेर आल्यावर पंखा तसाच चालू ठेवून खिडकी तासभर उघडी ठेवा, मग झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. चादरी झटकू नका, गुंडाळून थेट गरम पाण्यात, नेहमीच्या पावडरीत. वापरलेले मास्क ७२ तास कागदी पिशवीत राहू द्या, मग कापून सुक्या कचऱ्यात टाका. न कापता टाकले तर कोणीतरी ते धुऊन पुन्हा विकायला काढू शकतं.