कराराच्या वाटेने मूळ विश्वासाकडे

श्रोतेहो, नमस्कार.

जालन्याजवळचे बेथेल हे गाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मुंबईत १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे सेवक म्हणून जालन्यात आले आणि त्यांनी हे ख्रिस्ती गाव वसवले. ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून ते आले, तिच्या श्रद्धेचा जाहीर मसुदा असलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनाचा सातवा अध्याय देवाने माणसाशी केलेल्या कराराविषयी आहे. मूळ विश्वासाकडे परतण्याची भाषा आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ होते. परंतु एकेक वचन सुटे उचलून ते कॅलेंडरवर छापल्याने त्या मुळापर्यंत पोहोचता येत नाही, त्यासाठी करारांचा धागा धरून शास्त्र सलग वाचावे लागते.

उत्पत्तीचा पंधरावा अध्याय घ्या. अब्राम कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो, प्रेतांवर झडप घालणाऱ्या पक्ष्यांना हाकलतो, आणि सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. करार करणाऱ्यांनी अशा तुकड्यांमधून चालत जायचे आणि शब्द मोडला तर आपलीही हीच गत होवो असे मान्य करायचे, ही त्या काळची रीत यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायातही दिसते. येथे मात्र तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि जळती मशाल जाते. अब्राम जात नाही. जबाबदारी देव एकटा स्वतःवर घेतो. म्हणूनच प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात बजावतो की, चारशे तीस वर्षांनंतर आलेले नियमशास्त्र आधीच्या वचनाला रद्द करू शकत नाही. सीनायवर रक्त शिंपडून झालेला करार, दाविदाला मिळालेले राजवंशाचे वचन, यिर्मयाने सांगितलेला अंतःकरणावर लिहिला जाणारा नवा करार आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने हाती घेतलेला प्याला यांची संगती त्यानंतरच लागते.

मग या इस्राएलाच्या करारात आपण मराठवाड्यातले लोक कोठे बसतो? रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल कलमाचा दाखला देतो, आणि तो जालन्याच्या मोसंबी बागायतदाराइतका नीट क्वचितच कोणाला कळेल. आपण जंबेरीच्या काटक खुंटावर मोसंबीचा डोळा भरतो, म्हणजे मूळ रानटी आणि फांदी गोड. पौलाच्या दाखल्यात सारे उलटे आहे: चांगल्या जैतुनावर रानजैतुनाच्या फांद्या लावल्या जातात. हे निसर्गाविरुद्ध आहे, असे तो स्वतःच म्हणतो. काही टीकाकारांनी त्याला शेतीतले अज्ञान चिकटवले आहे, पण माझ्या मते हा उलटेपणाच त्याचा मुद्दा आहे. फांदीने मुळाला काहीही दिलेले नाही, तेव्हा तिने ताठा कशाचा मिरवावा? बायबलचा जुना करार हा भाग बाजूला ठेवून केवळ नवा करार वाचणाऱ्या मंडळीलाही हे लागू पडते.

याउलट, मूळ म्हणजे यहुदी सण आणि आहाराचे नियम पाळणे, असे मानणाऱ्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय पाहावा. अन्य राष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, सुंतेचे जू लादायचे नाही, हा निर्णय यरुशलेमेतच झाला. त्यामुळे आपल्या भजन-कीर्तनाला मूळ विश्वासाशी वैर धरण्याचे कारण नाही.

कराराच्या या विचारातून सर्वच वाद मिटतात असे मात्र नाही. कराराची खूण असलेली सुंता अर्भकालाही होत असे आणि आता तिच्या जागी बाप्तिस्मा आहे, म्हणून विश्वासणाऱ्यांच्या बाळांना बाप्तिस्मा द्यावा, असे प्रेस्बिटेरियन म्हणतात. बाप्तिस्त मंडळ्या यिर्मयाने सांगितलेल्या नव्या कराराचाच आधार घेऊन, स्वतः विश्वास कबूल करील त्यालाच तो द्यावा, असे म्हणतात. दोन्ही मतांची माणसे एकाच घरात असतील, तर त्यांनी उत्पत्तीचा सतरावा अध्याय आणि कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय एकाच बैठकीत, मोठ्याने वाचून मग चर्चेला बसावे.