चार बर्नर, एक ओळ

ठाण्यातील नौपाड्याच्या या स्वयंपाकघरात सकाळचे सव्वासहा वाजले आहेत. चहाचे पातेले उजवीकडच्या मागच्या बर्नरवर आहे. काकूंचा हात मात्र शेवटच्या बटणाकडे जातो आणि पुढच्या रिकाम्या बर्नरमधून गॅसचा फुसफुसाट ऐकू येतो. ते बटण बंद होते, शेजारचे उघडते. "इतकी वर्षं झाली, तरी चुकतेच मी," असे त्या हसून म्हणतात.

आमच्या मते ही चूक काकूंची नाही. बर्नर चौकोनात आहेत आणि बटणे एका ओळीत. त्यामुळे कोणते बटण कोणत्या बर्नरचे, हे पाहून कळत नाही, दर वेळी आठवावे लागते. बटण आणि बर्नर यांच्यातील या नात्याला यूएक्स डिझाइनमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाचा विचार करून वस्तू घडवण्याच्या शास्त्रात, मॅपिंग म्हणतात.

पडद्यावर आहे ते दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ हे बॉम्बर विमान; तिथेही अशीच गल्लत होत असे. त्याचे काही वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मिटवण्याऐवजी चाकेच मिटवत, आणि खापर त्यांच्यावरच फुटे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चपॅनिस यांनी कॉकपिट पाहिले, तेव्हा दोन्ही खटके सारखेच आणि शेजारीशेजारी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांचा उपाय साधा होता: चाकांच्या खटक्यावर रबरी चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखी मूठ, म्हणजे न पाहताही बोटांना फरक कळेल. याच चपॅनिस यांनी १९५९ मध्ये लिंडेनबॉम यांच्यासह चक्क चार बर्नरच्या शेगडीवर प्रयोग केला. चार मांडण्या तपासल्या. त्यांपैकी एकीत मागचे आणि पुढचे बर्नर एकमेकांसमोर न ठेवता थोडे सरकवले होते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे बर्नरांचा क्रम बटणांसारखाच लागत होता. त्या मांडणीत एकही चूक झाली नाही.

चुकीच्या बटणाने गॅस वाया जातो, कधी हातही भाजतो.

आता बटणे जवळून पाहू. मधली दोन मागच्या बर्नरांची; सुनेने खूण म्हणून त्यांवर लाल टिकल्या लावल्या होत्या. एक अजून आहे. दुसरी रोजच्या पुसण्याने निघाली असून तिच्या जागी डिंकाचे काळपट वर्तुळ उरले आहे. सकाळी काकूंना हवे होते ते हेच बटण.

जांभळी नाक्याच्या बाजारात दुकानदार काचेची जाडी दाखवतात, पितळी बर्नर दाखवतात, लायटरशिवाय पेटणारे मॉडेलही पुढे ओढतात. बटणे त्याचीही एका ओळीत आहेत.