कान देऊन स्पेन

नमस्कार, श्रोतेहो.

स्पेनमधल्या सणांवर बोला असं सांगितल्यावर पहिली अडचण ही आली, की रेडिओवर टोमॅटो दाखवायचे कसे? कारण स्पेन म्हटलं की आपल्याकडे टोमॅटोच आठवतात. 2011 साली आलेल्या एका हिंदी सिनेमानं ते काम चोख करून ठेवलंय. तर ते आधी उरकून टाकू. व्हॅलेन्सियाजवळ बुन्योल नावाचं लहानसं गाव आहे. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी तिथे ट्रक भरभरून पिकलेले टोमॅटो येतात आणि लोक तासभर एकमेकांना ते मारतात. 1945 पासूनची ही प्रथा. 2013 पासून तिकीट आहे आणि ठरावीक संख्येच्या वर कुणाला घेत नाहीत. तासभर मजा, मग दोन दिवस कानातून बिया काढत बसा. एवढ्यासाठी विमानाचं भाडं मी तरी भरणार नाही.

भरेन ते आवाजासाठी. स्पेनचे सण डोळ्यांइतकेच कानांचे आहेत, आणि ते सांगायला रेडिओ बरा.

मार्चमध्ये व्हॅलेन्सियाला फायास हा सण असतो. 1 ते 19 मार्च, रोज दुपारी ठीक 2 वाजता नगरपालिकेसमोरच्या चौकात मास्क्लेता होते. म्हणजे फटाक्यांची मैफल. हो, भर उन्हात. दिसायचं काय त्यात? थोडा धूर, बाकी काही नाही. ती ऐकायचीच असते. दोरांवर टांगलेल्या सुतळीबॉम्बसारख्या फटाक्यांच्या रांगा असतात. सज्जात त्या वर्षाची मानकरी तरुणी येते, रेशमी पोशाखात, आणि पुकारते, ‘आतषबाजीवाले महाशय, मास्क्लेता सुरू करा.’ सुरुवात विलंबित. एकेक आवाज सुटा. मग दुगुन, चौगुन, आणि शेवटी जे होतं त्याला तिथे ‘भूकंप’च म्हणतात. पायाखालची फरशी हलते, छातीचं हाड वाजतं. जाणकार सांगतात, तोंड किंचित उघडं ठेवा, कानाच्या पडद्यावरचा दाब कमी होतो. पाच-सात मिनिटांत सगळं संपतं आणि हजारो माणसं टाळ्या वाजवतात. मग लय कुठे तुटली, कालचा कारागीर बरा की आजचा, यावर जेवणाच्या टेबलावर वाद. गाणं ऐकून आल्यावर आपण घालतो तसाच.

हा सगळा थाट संत जोसेफसाठी. ते सुतारांचे संत, आणि 19 मार्च हा त्यांचा दिवस. हिवाळ्यात दिवे टांगायला वापरलेले लाकडी खांब आणि दुकानातला भुसा-ढलप्या सुतार वसंताच्या तोंडावर रस्त्यात जाळत, त्यातून सण उभा राहिला असं व्हॅलेन्सियात सांगतात. पुढे त्या लाकडांना कपडे चढले, चेहरे आले, गल्लीतल्या कंजूष शेठची टिंगल सुरू झाली. आज शहरात जवळजवळ 400 मंडळं आहेत. मंडळं हाच शब्द बरोबर आहे. वर्गणी, लॉटरीची तिकिटं, शेजारच्या गल्लीशी चढाओढ, सगळं ओळखीचं. प्रत्येक मंडळ एक मोठा आणि एक मुलांचा देखावा उभारतं. काही देखावे पाच-सहा मजली इमारतीएवढे. पुढारी, नटनट्या, नगरपालिका, कुणालाच सोडत नाहीत. सकाळी 8 वाजता मंडळवाले बँड घेऊन, रस्त्यावर फटाके आपटत गल्लीला जागं करतात. झोपायला म्हणून तिथे जाऊ नका.

आणि 19 तारखेच्या रात्री हे सगळं पेटवून देतात. आधी मुलांचे देखावे, मग मोठे, शेवटी नगरपालिकेचा. अग्निशमन दलाचे जवान आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारत उभे असतात, बँड वाजत असतो, आणि ज्यांनी वर्षभर राबून हे उभं केलं ती माणसं उघडपणे रडत असतात. लोकांनी मतं देऊन निवडलेल्या पुतळ्याला तेवढी माफी मिळते. 1934 पासून असे वाचलेले पुतळे तिथल्या संग्रहालयात आहेत. मला एक गोष्ट मात्र खटकते. पूर्वी लाकूड, कागदाचा लगदा आणि मेण जळायचं. आता बराचसा थर्मोकोल जळतो आणि त्याचा काळा धूर घशात बसतो. 2020 साली करोनामुळे सण ऐनवेळी रद्द झाला. तयार झालेले देखावे गोदामात पडून राहिले आणि सप्टेंबर 2021 मध्ये जाळले गेले.

जुलैमध्ये पाम्प्लोनाला बैलांपुढे धावतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. 7 ते 14 जुलै, रोज सकाळी 8 वाजता, साधारण 850 मीटरची ती धाव. तीसुद्धा कानांनी कळते. आतषबाजीचा पहिला बाण उडाला की गोठ्याचं दार उघडलं. दुसरा उडाला की सगळे बैल बाहेर पडले. या दोन बाणांमध्ये जास्त वेळ गेला तर कळप फुटलाय, आणि एकटा पडलेला बैल जास्त धोक्याचा. धावणाऱ्यांचे कान तिथेच लागलेले असतात. तेच बैल संध्याकाळी रिंगणात मारले जातात. मी पाम्प्लोनाला जा म्हणणार नाही.

कॅटालोनियात मात्र जा. तिथे माणसांचे मनोरे रचतात, त्यांना कास्तेल म्हणतात. गोविंदांना ही मंडळी परकी नाहीत. तिथलं पथक ठाण्याच्या दहीहंडीत थर लावून गेलंय, आणि 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं नऊ थर लावून विक्रम केला तो स्पेनचाच मोडून. तिथे हंडी नसते. सगळ्यात वरचं मूल एक हात उंचावतं आणि दुसऱ्या बाजूनं उतरतं. मनोरा न कोसळता, थर एकेक करून खाली उतरला तरच तो पूर्ण धरतात. तळाला शेकडो माणसं मान खाली घालून एकमेकांना रेटून उभी असतात. वर काय चाललंय ते त्यांना दिसतच नाही. म्हणून सनईसारखं एक वाद्य वाजत असतं, ग्राया. पोरानं हात उंचावला की सूर बदलतो, आणि खाली चेंगरलेल्या माणसाला कळतं, आता फक्त उतरायचं राहिलं. 30 ऑगस्टला विलाफ्रांका गावात हे पाहा.

सेव्हिलचा ईस्टरपूर्व आठवडा म्हणजे याच्या उलट टोक. येशू-मेरीच्या मूर्तींची टनाहून जड लाकडी मखरं मानेवर घेऊन माणसं रात्र रात्र चालतात. पडद्याआड असल्यामुळे ती दिसत नाहीत. दगडी रस्त्यावर घासणारी त्यांची पावलं तेवढी ऐकू येतात. म्होरक्यानं धातूची कडी ठोकली की मखर उचलायचं, पुन्हा ठोकली की थांबायचं. एखाद्या सज्जातून कुणी साथीशिवाय टाहो फोडल्यासारखं गातं, त्याला साएता म्हणतात. तेवढा वेळ सगळी गल्ली श्वास रोखून असते. पावसाची चिन्हं दिसली तर मिरवणूक निघतच नाही, आणि वर्षभर वाट पाहिलेली धट्टीकट्टी माणसं चर्चच्या दारात हुंदके देतात.

त्याच आठवड्यात आरागॉन प्रांतातल्या कालांदा गावी जायची तयारी असेल, तर कानात कापूस न्या. दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांचं हे जन्मगाव. गुड फ्रायडेला दुपारी 12 च्या ठोक्याला जांभळे झगे घातलेले शेकडो लोक एकदम ढोल-ताशे बडवू लागतात. हात सोलवटतात, ढोलाच्या चामड्यावर रक्ताचे डाग पडतात, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत ढोल चालूच. भिंतीला हात टेकवला तर भिंत थरथरते. उतारवयात बुन्युएलना फारसं ऐकू येत नसे, तरी ते ढोल वाजवायला गावी येत. शनिवारी दुपारी 2 वाजता सगळं एका ठोक्यात बंद होतं.

नमस्कार.