सायरनच्या आतला कायदा

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्राचं पान. एका कोपऱ्यातल्या बातमीभोवती पेनानं चौकट केलेली.)

एका भरधाव मोटारीनं स्कूटरस्वाराला उडवलं. रस्त्यावरच्या कुणीतरी त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे उत्तर मिळालं, ही पोलीस केस आहे, आम्ही हात लावणार नाही. वीस किलोमीटरवर दुसरं रुग्णालय आहे, अशा केसेस घ्यायची परवानगी त्यांना आहे, तिकडे न्या. नेता नेता वाटेतच तो गेला.

ही बातमी वाचून मानवी हक्क कार्यकर्ते परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. 28 ऑगस्ट 1989 ला निकाल लागला. जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य, मग तो सरकारी असो की खासगी. पंचनामा, जबाब, पोलिसांचे सोपस्कार मागून होत राहतील, त्यासाठी उपचार थांबणार नाहीत. आज 108 क्रमांकाची रुग्णवाहिका जखमीला घेऊन कुठल्याही कॅज्युअल्टीच्या दारात उभी राहते, तेव्हा तिच्या पाठीशी हा निकाल असतो.

(दृश्य: लोकल गाडीचा फलाट, रात्र. मग रुग्णालयांच्या बंद फाटकांची मालिका.)

दुसरं प्रकरण बंगालमधलं. 8 जुलै 1992 च्या संध्याकाळी मथुरापूर स्थानकात एक शेतमजूर गाडीतून पडला, डोक्याला मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती. पुढे कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयं फिरून झाली. कुठे खाट नाही, कुठे यंत्र नाही. शेवटी खासगी रुग्णालयात पदरचे पैसे भरून उपचार घ्यावे लागले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला त्याची 25 हजार रुपये भरपाई द्यायला लावली. पण त्या निकालातला आपल्या कामाचा भाग पुढे आहे. प्राथमिक केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत रुग्णवाहिका हवी, तिच्यात उपकरणं आणि प्रशिक्षित माणसं हवीत, आणि कुठे खाट रिकामी आहे हे कळवणारी मध्यवर्ती यंत्रणा हवी, असं न्यायालयानं लिहून ठेवलं. पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही, हेही त्यातच आहे.

महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 मध्ये सुरू झाली. तेव्हा 937 गाड्या होत्या. त्यातल्या 233 मध्ये व्हेंटिलेटरसारखी प्रगत उपकरणं, उरलेल्या 704 मध्ये प्राथमिक जीवरक्षणाची सोय. फोन पुण्यात औंधला लागतो, गाडी तिथून सांगितली जाते. गाडीत एक डॉक्टर आणि चालक, ज्याला इथे सगळे 'पायलट' म्हणतात.

(दृश्य: महामार्गावरचा अपघात. बघ्यांची गर्दी. काही मोबाइल वर उचललेले.)

आता रस्त्यावरच्या माणसाकडे येऊ. तो पुढे का येत नाही? दगडाच्या काळजाचा असतो म्हणून नाही. त्याला माहीत असतं, किंवा निदान तसं वाटत असतं, की मदत केली की चौकीच्या खेपा, कोर्टाच्या तारखा, आणि वर 'तूच ठोकलंस का?' असा प्रश्न. ही भीती खोटी नव्हती. ती घालवायला 30 मार्च 2016 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. आता जखमीला मदत करणाऱ्यानं आपलं नाव सांगायची सक्ती नाही. रुग्णालयानं त्याच्याकडून पैसे मागायचे नाहीत, त्याला अडकवून ठेवायचं नाही. मदत करताना त्याच्या हातून काही चुकलं तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याच्या हक्कांची सनद रुग्णालयाच्या दर्शनी भागात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावायची, असा नियमच आहे. तुमच्या गावातल्या रुग्णालयात ती मराठीत दिसते का, एकदा बघून या.

पण हे कलम कुणासाठी आहे, ते नीट वाचायला हवं. स्वेच्छेनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यासाठी. म्हणजे गाडीतून उतरणारे डॉक्टर आणि पायलट यात बसत नाहीत. ते पगारावर आहेत, ड्यूटीवर आहेत. वाटसरूला निघून जाण्याची मुभा आहे, यांना ती नाही. वाटसरूची चूक कायदा पोटात घालतो, यांच्या चुकीचा हिशोब मागतो. या कामातले कायद्याचे आणि नीतीचे बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात.

(दृश्य: बेशुद्ध रुग्ण, ऑक्सिजन मास्क, हलणारी गाडी.)

रुग्ण बेशुद्ध असेल तर कायदा आश्चर्य वाटावं इतका सरळ आहे. संमती देण्याच्या अवस्थेत तो नाही, वेळेत विचारावं असं जवळचं कुणी नाही, आणि उपचार सद्हेतूनं, त्याच्या भल्यासाठी केले, तर तो गुन्हा ठरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 30. याचं मूळ 1860 च्या दंडविधानातल्या 92 व्या कलमात आहे, आणि तिथलं उदाहरण मजेशीर आहे: एक जण घोड्यावरून पडून बेशुद्ध झालाय, शल्यवैद्य त्याची कवटी उघडायचा निर्णय घेतो. घोडा जाऊन मोटरसायकल आली, बाकी प्रसंग तोच.

खरी परीक्षा होते ती रुग्ण शुद्धीत असताना.

(दृश्य: चाळीतलं घर, रात्र. खुर्चीत बसलेले साठीचे गृहस्थ, कपाळावर घाम.)

समजा, मुलानं फोन केलाय. वडिलांच्या छातीत दुखतंय, डावा हात जड झालाय. डॉक्टर वर पोचतात.

"मला काही झालेलं नाही. पित्त आहे. सोडा घेतला की बरं वाटेल."

"काका, हे पित्त वाटत नाही. ईसीजी काढू द्या."

"नको म्हटलं ना."

मुलगा मध्ये पडतो, "डॉक्टर, त्यांचं ऐकू नका. उचला. मी सही करतो."

आपल्याकडे घरातला कर्ता सही करतो आणि विषय संपतो. पण शुद्धीवर असलेल्या, समजउमज असलेल्या प्रौढ माणसाच्या वतीनं मुलानं केलेल्या सहीला कायद्यात संमतीचं वजन नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. रुग्ण स्त्री भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया उरकली होती. तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, असं न्यायालय म्हणालं. काकांना बळजबरीनं स्ट्रेचरला बांधलं, तर उलट डॉक्टरच आरोपी होऊ शकतात.

मग निघून जायचं? तसंही नाही. आधी हे पाहायचं की 'नको' म्हणणारा माणूस खरोखर भानावर आहे का. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, काय होतंय, हे त्याला सांगता येतंय का? रक्तातली साखर तपासली का? साखर उतरलेला मधुमेही दारू प्यायल्यासारखा बरळतो, हात झटकतो, शिव्या देतो. त्याचा नकार धरायचा नसतो. डोक्याला मार लागलेल्याचंही तेच.

आणि काका पूर्ण भानावर असतील, तर त्यांना त्यांच्या भाषेत, आडपडदा न ठेवता सांगायचं, "हा हार्ट अटॅक असू शकतो. घरी थांबलात तर जीव जाऊ शकतो." त्यानंतरही नकार असेल, तर काय सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं, नाडी, रक्तदाब, वेळ, सगळं लिहायचं. त्यांची सही, साक्षीदाराची सही. पुन्हा दुखलं तर लगेच फोन करा, हे बजावायचं. आमच्या मते गोम इथेच आहे. सही घ्यायला दोन मिनिटं लागतात, समजूत घालायला वीस. पहाटे तीनला, मागे दुसरा कॉल थांबलेला असताना, सही पटकन घेतली जाते. कागदावर सगळं कायदेशीर दिसतं. समजूत घातली होती की कागद भरला होता, ते फक्त त्या खोलीतल्यांना माहीत असतं. बाकी, काका डॉक्टरांचं ऐकत नसले तरी काकूंचं ऐकतात. हे कुठल्याही कलमात नाही, पण अनुभवी डॉक्टर आधी स्वयंपाकघराकडे पाहतात.

(दृश्य: कापसाचं शेत. वस्तीवरचं घर. गाडीभोवती जमलेले शेजारी.)

विदर्भ-मराठवाड्यातला एक कॉल याहून अवघड. "फवारताना चक्कर आली," घरचे सांगतात. ते खरं असू शकतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतूनच विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते. पण कधी कधी माणूस ते विष स्वतःच प्यायलेला असतो आणि कीटकनाशकाचा डबा लपवलेला असतो, कारण घरच्यांना केस होईल अशी धास्ती असते. डॉक्टरांना डबा हवा असतो तो औषधाचं नाव वाचायला. कोणतं विष, यावर उतारा ठरतो.

ही धास्ती कायद्यानं बरीचशी काढून टाकली आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 म्हणतं, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, आणि त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंडविधानातलं जुनं 309 कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेलं नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, नोंद होईल, पण प्रयत्न केला एवढ्यासाठी त्या माणसाला तुरुंग नाही. हे घरच्यांना दारातच, हळू आवाजात सांगितलं, तर डबा बाहेर येतो. चार शेजाऱ्यांसमोर "काय प्यायला?" असं ओरडून विचारलं, तर येत नाही. गोपनीयता पाळायची म्हणजे गाडीचं दार लावून मग विचारायचं. एचआयव्हीबाबत 2017 चा स्वतंत्र कायदा आहे, लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि पीडित मूल असेल तर पोलिसांना कळवणं पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली बंधनकारक. अपघाताचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटात टाकणाऱ्या कर्मचाऱ्यानं एवढं तरी वाचावं.

(दृश्य: पाळी बदलताना गाडीची तपासणी. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा.)

लुधियानाच्या एका रुग्णालयात 1995 मध्ये श्वास अडलेल्या वृद्ध रुग्णाला जोडलेला सिलिंडर रिकामा निघाला. दुसरा आणेपर्यंत रुग्ण गेला. डॉक्टरांवर फौजदारी खटला झाला. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, कारण फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, अतिशय गंभीर असावा लागतो. मात्र सिलिंडर नसल्याबद्दल रुग्णालयावर दिवाणी जबाबदारी येऊ शकते, असंही म्हटलं, पण त्यावर मत दिलं नाही. म्हणून पाळी सुरू होताना काटा पाहायचा आणि वहीत लिहायचा.

आता न्याय संहितेचं कलम 106 बघा. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना झाला तर दोन वर्षांपर्यंत. फरक चांगला आहे, पण ही व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालच्या पदवीधरांपुरती आहे. महाराष्ट्रात 108 च्या गाड्यांवर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येनं आहेत. शब्दशः वाचलं तर ते त्यात बसत नाहीत. इतर राज्यांतले आणि खासगी गाड्यांवरचे तंत्रज्ञ बसत नाहीत. पायलट तर नाहीच, आणि सायरन चालू असताना चौकात कुणाला धडक बसली तर त्याला पाच वर्षांचंच माप लागतं. रस्ता न देणाऱ्या मोटारवाल्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे खरं, पण म्हणून पायलटनं वेगाचा धोका पत्करावा असं होत नाही.

संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या 2021 च्या कायद्यानं आपत्कालीन तंत्रज्ञांसह अनेकांसाठी आयोग आणि नोंदणीची सोय केली. ती नोंदणी आणि कलम 106 ची व्याख्या यांची सांगड अजून घातलेली नाही. ती घालायला संसदेला एका ओळीची दुरुस्ती पुरेल.