किल्ला तीन आठवड्यांत, मुलूख तीस वर्षांत

(दृश्य : बेळगावचा भुईकोट किल्ला. खंदक, तटबंदी, वेशीतून आत जाणारी लष्कराची गाडी.)

बेळगावच्या किल्ल्यात एक फेरी मारली तरी तीन राजवटी डोळ्यांखालून जातात. कमल बस्ती 1204 ची, सौंदत्तीच्या रट्टांच्या काळातली. हे रट्ट आधी राष्ट्रकूटांचे आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. थोडे पुढे गेले की आदिलशाहीतली सफा मशीद. आणि किल्ल्याबाहेर इंग्रजांनी वसवलेला कॅम्प. यादव, बहामनी, मोगल, मराठे यांची नावे यात धरायची ती वेगळीच. किल्ल्यावरची निशाणे बदलत राहिली. खाली गावागावांत वसुलाला बसणारी घराणी मात्र पुष्कळदा तीच राहिली.

नुसते राज्य मोठे झाले म्हणून त्याचे साम्राज्य होत नाही. मधे एक केंद्र असते आणि दूरदूरच्या मुलखांशी त्याचे वेगवेगळे करार असतात. कुणाकडून खंडणी घ्यायची, कुणाकडून सारा, कुणाकडून नुसती फौज. बेळगावात याचा पुरावा हाताशी आहे. बेळगाव आणि शहापूर आज चालत जाताना वेगळे कळतसुद्धा नाहीत. पण 1948 पर्यंत बेळगाव ब्रिटिशांचे खालसा, म्हणजे थेट त्यांच्या अमलाखालचे, आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांचे. एकाच बादशहाच्या अमलाखाली, दोन पेठांना दोन कायदे.

(दृश्य : तटाचा पाया, खंदकाची कड.)

आधी किल्ला कसा पडतो ते पाहू. 1472-73 मध्ये बहामनी सुलतान तिसरा मुहम्मदशाह आणि त्याचा वजीर महमूद गवान यांनी बेळगावला वेढा घातला. गोवा नुकतेच बहामनींकडे गेले होते आणि बेळगावचा राजा विजयनगरच्या बळावर ते परत घेऊ पाहत होता. अडचण खंदकाची होती. वेढा घालणाऱ्यांनी दिवसा तो लाकूड-मातीने भरायचा आणि किल्ल्यातल्या लोकांनी रात्री उपसून टाकायचा, असा प्रकार चालला. शेवटी गवानने तटाखाली सुरुंग खणवून दारू भरली आणि भिंत उडवली. दक्षिणेत हे तंत्र तोवर माहीत नव्हते, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो.

एवढा कर्तबगार वजीर, पण त्याचा घात लढाईने झाला नाही. बहामनी राज्याचे चार तरफ, म्हणजे प्रांत, होते. गवानने त्यांचे आठ केले. प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने थेट किल्लेदार नेमायचे ठरवले. कागदावर ही सुधारणा उत्तम होती. पण तिने सगळ्या बड्या सरदारांच्या पोटावर एकदम पाय आला. 1481 मध्ये एका बनावट पत्राच्या आधारे गवानचा शिरच्छेद झाला आणि पुढच्या काही दशकांत बहामनी राज्याची पाच शकले झाली. मधली माणसे एका फटक्यात कापायला गेले की काय होते, याचा या भागातला हा पहिला मोठा दाखला.

त्या शकलांपैकी विजापूरच्या आदिलशाहीने वेगळी वाट धरली. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने वसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत आणले, त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचे महत्त्व वाढले. परगण्यावर देसाई आणि देशपांडे, गावात पाटील आणि कुलकर्णी ही साखळी त्यांनी मोडली नाही. देसाई वसूल करून देई, त्याबद्दल त्याला इनाम जमीन आणि हक्क मिळत. शेताचा बांध, पेरा, भाऊबंदकी, कोण खरेच अडचणीत आहे आणि कोण नुसता रडतो आहे, हे सगळे याच घराण्यांना ठाऊक. ही माहिती विजापुरात बसून मिळत नाही.

(दृश्य : मोडी लिपीतला ताळेबंद, आकड्यांवर बोट.)

मराठ्यांनी तर करार थेट आकड्यांत बांधला. 1719 मध्ये दिल्लीकडून दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, त्यात विजापूरचा सुभाही होता. समजा एका गावचा वसूल हजार रुपये. चौथाई अडीचशे, शिवाय हजारावर दहा टक्के सरदेशमुखी म्हणजे शंभर. चौथाईच्या अडीचशेचे पुन्हा वाटे : शेकडा 25 छत्रपतींची बाबती, म्हणजे साडेबासष्ट, शेकडा 6 सहोत्रा पंतसचिवांचा, पंधरा, शेकडा 3 नाडगौडा, छत्रपतींनी हव्या त्याला द्यायचा, साडेसात, उरलेला शेकडा 66 मोकासा, म्हणजे 165 रुपये, सरदाराकडे. एकाच गावात इतके वाटेकरी कशाला? कारण कुठल्याही एका सरदाराला सबंध मुलूख आपला म्हणता येऊ नये. युक्ती हुशारीची होती. तोटा एवढाच की ती चालवायला हिशेबनीस लागतात, आणि छत्रपती दुबळे झाले की मोकासा खाणारे शिरजोर होतात. चिकोडी-मनोळीवरून कोल्हापूरकर आणि पेशवे यांच्यात जो वर्षानुवर्षे तंटा चालला, त्यात हेच दिसते.

(दृश्य : धारवाड, नवलगुंद, बदामी, बेळगाव दाखवणारा नकाशा.)

1817 च्या अखेरीस, इंग्रज-पेशवे युद्धात, कंपनी सरकारचा अधिकारी टॉमस मन्रो धारवाडकडून निघाला तेव्हा त्याच्याजवळ फौज थोडी होती. किल्ल्यांआधी त्याने वसूल हाती घेतला. पेशव्यांच्या ताब्यातल्या महालांवर त्याने आपले अमलदार नेमले, स्थानिक शिबंदी, म्हणजे पगारी शिपाई, उभी केली आणि त्यांना पुढे धाडले. रयतेने सारा पेशव्यांच्या मामलेदाराला न देता नव्या अमलदाराला द्यायचा. म्हणजे शत्रूचा पैसा आटतो आणि त्याच पैशातून आपली शिबंदी पोसली जाते. बदामी फेब्रुवारी 1818 मध्ये पडली. बेळगावचा वेढा मार्चमध्ये सुरू झाला, एप्रिलमध्ये सुमारे तीन आठवड्यांनी किल्लेदाराने शस्त्रे ठेवली. तोवर भोवतालचा मुलूख हातचा गेलेला होता. किल्ला नुसता उरला होता.

या वेढ्यात कित्तूरकर देसाई मन्रोच्या बाजूने उभे होते. सहाच वर्षांनी, सप्टेंबर 1824 मध्ये शिवलिंग रुद्रसर्ज देसाई निपुत्रिक वारले. घेतलेले दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मान्य केले नाही, खजिन्याला मोहोर लावली. 23 ऑक्टोबरला कित्तूरच्या वेशीत थॅकरे मारला गेला. डिसेंबरमध्ये इंग्रजांनी मोठी फौज आणून किल्ला घेतला, कित्तूरच्या राणी चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवले. त्यानंतरची कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाची लढाई पाहा. तो मोठ्या छावणीवर चालून गेला नाही, त्याने बिडीची कचेरी जाळली. सत्ता कुठे साठवलेली असते हे त्याला बरोबर कळले होते. जानेवारी 1831 मध्ये नंदगडला त्याला फाशी दिले.

(दृश्य : शेतातली काळी माती, खणलेला खड्डा, शेजारी मोजपट्टी.)

कचेरीतले कागद पक्के व्हायला 1818 पासून पुढे साधारण तीस वर्षे लागली. पुणे भागात इंग्रज अधिकारी प्रिंगलची जमिनीची पहिली मोजणी फसली होती. निव्वळ उत्पन्न काढायचा हिशेब फार किचकट, हाताखालचे कारकून लाच खाणारे. आकार, म्हणजे ठरवलेला शेतसारा, इतका चढला की माणसे गावे सोडून गेली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पद्धत सोपी केली. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक रुंद म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मग शेताचे चौकोनी भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात खणून माती किती खोल ते बघायचे. एकसारखी काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, म्हणजे पूर्ण प्रत. दीड हात, चौदा. सव्वा हात, बारा. एक हात, दहा. पाऊण हात, आठ. चुनखडी मिसळलेली, वाळू, उतार, पाणथळ, असा एकेक दोष निघाला की एक पायरी खाली. खानापूरकडच्या भातजमिनीचे माप वेगळे. ठरलेला आकार तीस वर्षे कायम.

आता बांधापर्यंतची माहिती सरकारच्या चोपडीत आली, तेव्हा देसायाची गरज उरली कुठे? म्हणून पाठोपाठ इनामांची चौकशी. दक्षिण मराठा मुलखात ती 1843 मध्ये सुरू झाली, 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला पूर्ण अधिकार आले. सनद दाखवा, नाहीतर इनाम सोडा. ज्या घरात कागद वाळवीने खाल्ले, त्यांची वहिवाट कितीही जुनी असली तरी पंचाईतच. त्यात दत्तक नाकारण्याची भर. या चौकशीत काम केलेला मॅन्सन पुढे इथला पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानांवर देखरेख करणारा इंग्रज अधिकारी, झाला. 29 मे 1858 च्या रात्री सुरेबानला नरगुंदच्या भास्करराव भाव्यांनी त्याला ठार केले. दत्तक नाकारलेले, तोफा धारवाडला पाठवायचा हुकूम आलेला. भास्कररावांना 12 जूनला बेळगावात फाशी झाली. पण धडा सरकारनेही घेतला. 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या, 1863 च्या कायद्यांनी इनामदारांना चौकशी टाळून ठराविक रक्कम भरायची सवलत दिली.

इंग्रजांच्या फौजेतले शिपाई मात्र इथलेच. डिसेंबर 1915 पासून मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला कुत पडले. त्याच आठवड्यात इकडे बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन होत होती.

(दृश्य : तालुका कचेरीत उताऱ्यासाठी लागलेली रांग.)

गुंठा आणि सर्व्हे नंबर अजून उताऱ्यावर आहेत. देसाई, देशपांडे आणि कुलकर्णी यांची वतने बेळगाव मुंबई राज्यात असताना 1950 च्या कायद्याने गेली. पाटीलकी त्यानंतर गेली, जिल्हा म्हैसूर राज्यात आल्यावर, 1961 च्या कायद्याने.