नरक्या

बेळगावहून चोर्ल्याकडे निघालं, की जांबोटीच्या पुढं झाडी दाटत जाते. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या रानात पावसाळ्यात मधूनच एक वास येतो, काहीतरी कुजल्यासारखा. हा नरक्याचं झाड फुलल्याचा वास. फांद्यांच्या टोकाला बारीक, पिवळसर पांढऱ्या फुलांचे झुबके. माशा त्यावर घोंगावतात, माणूस नाक धरून पुढं जातो.

या नाक धरायला लावणाऱ्या झाडाच्या लाकडात आणि मुळात कॅम्प्टोथेसिन नावाचं, कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य असतं. 1966 साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते पहिल्यांदा एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. हे सांगताना ऊर भरून येतो. पुढं 1972 मध्ये तेच द्रव्य नरक्यातही सापडलं. पेशी दुणावताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्यालाच अडकवतं आणि भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं यातूनच घडवलेली.

आणि हेच नरक्याच्या जिवावर बेतलं. किलोभर वाळक्या लाकडातून निघतं जेमतेम काही ग्रॅम. त्यासाठी सह्याद्रीत झाडं मुळासकट उपटली, ढलप्या करून पोत्यांतून नेली.

झाड न पाडता द्रव्य मिळेल का? पानाचा नखाएवढा तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर ठेवतात. काही आठवड्यांत त्याच्या कडेला फिकट, भुसभुशीत गोळा धरतो, निवलेल्या शिऱ्यासारखा. पान नाही, मूळ नाही, नुसत्या वाढत्या पेशी. याला कॅलस म्हणतात. तो पातळ द्रवात सोडून हलत्या चंबूत वाढवतात. जपानमध्ये शिकोनिन हा लाल रंग 1980च्या दशकात असाच टाक्यांत तयार झाला. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेलसुद्धा आज पेशी वाढवून काढतात.

नरक्या मात्र सहज वश होत नाही. त्याच्या चंबूतल्या पेशी फारच थोडं द्रव्य देतात. रानात किडे आणि बुरशी अंगावर येतात, त्यांच्यासाठी झाड हे विष राखतं. चंबूत वैरीच नाही. म्हणून यीस्टचा अर्क घालून पेशींना बुरशी चालून आल्याचं भासवतात. मग द्रव्य वाढतं, पण रानातल्या झाडाची जागा घेण्याइतकं अजून नाही.

तोवर नरक्या आपल्या बांधावर यायला हवा. घ्यायचंच तर बुंधा राखून फांद्या घ्याव्यात. छाटला तरी तो पुन्हा फुटतो.